मागचा अ‍ॅक्सल चढावर उड्या मारतो : पिकअप, खानापूर तालुका (बेळगाव)

कणकुंबीकर | ८ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. महिनाभर एकच त्रास चाललाय, म्हणून धागा काढतोय.

आमची काजूची बाग घरापासून दीड किलोमीटर वर आहे. वाट आमच्याच जमिनीतली. खाली लाल माती आणि मध्ये साठ-सत्तर फुटांचा टप्पा उघड्या जांभ्याचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. या टप्प्यावर पिकअप चढाला लागली की मागून आधी एक ‘धाड्’ असा आवाज येतो, आणि मग धडधडधड असा मारच सुरू होतो. मागची दोन्ही चाकं उचलून आपटतात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की लगेच थांबतं. परवा हौद्यात खताची आठ पोती होती तरी तेच. शेजारी बसलेले वडील दांडी घट्ट धरून म्हणाले, “गाडी हाय का खोंड?”

गाडी डबल कॅब, फोर बाय फोर, डिझेल, ऑटोमॅटिक, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर. मागे पाटे (लीफ स्प्रिंग). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मूळ होती तेव्हा हीच गाडी हाच चढ गुपचूप चढायची. गेल्या दिवाळीनंतर मी तीन कामं करून घेतली. दोन इंच लिफ्ट (मागे पाट्यांखाली ब्लॉक टाकून), एक साइज मोठे टायर आणि इंजिनचा रीमॅप (कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं). त्यानंतर हे सुरू झालं.

ज्यांनी काम केलं ते म्हणतात शॉकअप बदला. दुसरे म्हणतात पाटा वाढवा. मला मूळ कारण समजून घ्यायचंय. आता पाऊस लागला, बागेत जाणं रोजचं आहे, आणि चढावर क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) तुटला तर गाडी मागे येईल ही भीती खरी आहे.

उद्यमबाग_लेथ | ८ जून, रात्री १०:५०

दादा, लगेच काही विकत घेऊ नका. आधी चार गोष्टी सांगा.

उड्या फक्त जोर दिल्यावर येतात की उतारावर, खड्ड्यातही? रिव्हर्समध्ये चढवली तर येतात का? यू-बोल्ट (पाटे धुऱ्याला आवळून धरणारे) लिफ्टच्या वेळी नवीन टाकले की जुनेच ओढले? आणि ब्लॉक कसले आहेत, बिडाचे, लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचे?

जोर दिल्यावरच येत असतील तर शॉकअप हा मूळ आजार नव्हे. शॉकअप गेलेला असला की गाडी साध्या रस्त्यावरही डुलते.

कणकुंबीकर | ९ जून, सकाळी ७:३०

फक्त जोर दिल्यावर. रिव्हर्समध्येही येतात, पण कमी. चोर्ला घाटात खड्ड्यांतून गाडी एकदम शांत असते. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे. यू-बोल्ट लांब लागले म्हणून नवीन टाकले होते, पण त्यानंतर परत कधी ओढले नाहीत.

निपाणीचे_काका | ९ जून, दुपारी १:१५

बाळा, तीस वर्सं ट्रक चालवलेत, उसाचे बी आणि तंबाखूचे बी. तुझा पाटा पिळतोय. बाकी काय न्हाय.

समजून घे. चाक पुढं फिरतंय म्हंजे हाउसिंगला, म्हंजे धुऱ्याच्या बाहेरच्या खोळीला, उलटं फिरायचं असतंय. त्याला धरून कोण ठेवतंय? पाटं. दुसरं काय बी न्हाय तिथं. जोर लई झाला की पिनियनचं नाक, म्हंजे हाउसिंगला शाफ्ट जोडतो ते पुढचं टोक, वर उचलतंय, पाट्याचा पुढचा निम्मा भाग वर फुगतोय, मागचा निम्मा खाली दबतोय. बाजूनं बघितलास तर पाटा आडव्या नागमोडीसारखा दिसंल. मग चाकाची पकड सुटती, पाटा झाटकन सरळ होतोय, चाक आपटतंय, आपटलं की परत पकड घेतंय, परत पिळतंय. सेकंदात कैक बार. हीच तुझी धडधड.

भरलेल्या उसाच्या ट्रकला हे होत न्हाय, कारण त्याच्या पाट्यांची चळतच वीतभर असती. तुझ्या पिकअपला पाटं मोजून किती, ते बघ.

कणकुंबीकर | १० जून, रात्री ९:०५

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं, अगदी तंतोतंत.

आज जुना फोन चुंबकाच्या स्टँडवर चासीला आतून चिकटवला, कॅमेरा पिनियनकडे तोंड करून. हाउसिंगवर खडूने एक आडवी रेघ मारली. भाऊ बाहेरून दुसऱ्या फोनने पाट्याचा व्हिडिओ काढत होता. लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जोरदार गियर), पहिला गियर, जांभ्याची तिसरी पायरी.

व्हिडिओ हळू करून पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. खडूची रेघ आधी सपाट, मग हळूहळू नाक वर, वर, वर, आणि मग एकदम खाली. फोनवरच्या कोनमापकाने मोजलं तर नाक अकरा अंश उचलतंय. त्या क्षणी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस इतका वाकडा दिसतो की तो अजून शाबूत आहे याचंच आश्चर्य वाटतं. भावाच्या व्हिडिओत आणखी एक दिसलं. पाटा पिळताना डाव्या बाजूचा ब्लॉक आपल्या जागेवर किंचित सरकतोय. अगदी केसभर, पण सरकतोय.

उद्यमबाग_लेथ | १० जून, रात्री ९:२०

ब्लॉक सरकतोय म्हणजे यू-बोल्ट ढिले आहेत. आता त्या चढावर गाडी अजिबात नेऊ नका. सेंटर बोल्ट (पाट्यांना मधोमध धुऱ्यावर जागेवर ठेवणारा) कापला गेला तर एका बाजूने धुरा सरकेल आणि गाडी तिरकी चालेल. आधी यू-बोल्ट काढा, नवीन टाका आणि मॅन्युअलमध्ये जो टॉर्क दिलाय त्यालाच टॉर्क पान्याने आवळा. गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना, तिरपे समोरासमोरचे नट आलटून पालटून.

टिळकवाडी_ते_पुणे | ११ जून, रात्री ११:४०

मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या पुण्यात सस्पेन्शनच्याच कामात आहे. काकांनी जे शब्दांत सांगितलं ते आकड्यांत मांडतो, कारण लिफ्टने नेमकं काय बिघडवलं ते त्यातून दिसतं.

टायर जमिनीला जितक्या जोराने मागे ढकलतो, तितक्याच जोराने जमीन त्याला पुढे ढकलते. हा जोर लागतो तळाशी. गाडीला तो पोचतो पाट्यांमधून, म्हणजे बराच वर. या दोन जागांमधली उभी उंची ही तरफ, आणि पाट्याला पडणारा पीळ म्हणजे जोर गुणिले ही उंची.

खतासकट मागच्या चाकांवर चढावर १,५०० किलो धरू, कोरड्या जांभ्याची पकड ०.८ धरू. जोर सुमारे ११,८०० न्यूटन. मूळ गाडीत टायरची त्रिज्या ०.३८ मीटर, त्यावर पाट्याच्या बैठकीपर्यंत ०.०६. एकूण ०.४४. पीळ ५,२०० न्यूटन-मीटर. तुम्ही टायर दोन सेंटिमीटर उंच केला आणि पाच सेंटिमीटरचा ब्लॉक घातला. उंची झाली ०.५१, पीळ ६,०००. त्याच पाट्यांवर सोळा टक्के जास्त. त्यात सैल यू-बोल्ट, म्हणजे पाट्याचा बैठकीजवळचा भाग जो घट्ट धरला जायला हवा तोही मोकळा.

रीमॅपबद्दल. लो रेंजच्या पहिल्या गियरला इंजिनचे ४०० न्यूटन-मीटर, गियर ४, लो रेंज २.५, क्राउन-पिनियन (धुऱ्यातली शेवटची दातेरी जोडी) ४ असं ढोबळ धरलं तरी चाकांशी १६,००० होतात. टायरची पकड जेमतेम ४,७०० च्या आसपास संपते. म्हणजे तुमच्याकडे आधीपासूनच तिपटीहून जास्त जोर होता. रीमॅपने कमाल पीळ वाढवला नाही. पीळ किती झटक्यात येतो, ते मात्र वाढवलं, आणि पाट्याला झटका फार बाधतो.

म्हणून क्रम असा ठेवा : यू-बोल्ट आणि बुश, मग ब्लॉक बाहेर, मग पाट्यांची तपासणी. त्यानंतरही उरलं तर हाउसिंगला फिरू न देणारा बार. प्रत्येक टप्प्यानंतर तोच चढ, तीच पायरी, तीच आठ पोती, आणि खडूची रेघ.

शहापूरची_लेक | १२ जून, सकाळी ८:१०

मी चार पावसाळे ऑफ-रोड स्पर्धांत गाडी चालवतेय, त्यामुळे पायाबद्दल बोलते.

पहिली उडी आली की आपला पाय नकळत आणखी दाबला जातो, ‘निघेल’ असं वाटतं म्हणून. तिथेच मोडतोड होते. चाक हवेत असताना फिरत असतं आणि खाली येऊन एकदम पकडतं. तो धक्का अ‍ॅक्सल शाफ्ट, क्रॉस आणि क्राउन-पिनियन तिघांना एकाच वेळी बसतो. पहिल्या ‘धाड्’ला पाय सोडा, ब्रेकवर थांबा, दोन फूट मागे घ्या, दुसरी रेषा निवडा.

ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोडवर घेऊन लो रेंजचा दुसरा गियर लावून बघा. पायाची तीच हालचाल चाकाशी सौम्य होऊन पोचते. मागचं डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर पायरीच्या आधी लावा, मध्येच चाक फिरत असताना नाही. आणि हवा! रस्त्याचे ३५ पौंड घेऊन जांभ्यावर जाऊ नका. मी २० वर आणते, टायर दगडाला लपेटून घेतो आणि पकड-सुटकेचा खेळ कमी होतो. परत डांबरी लागायच्या आधी भरून घ्यायची, हे मात्र न चुकता.

खानापूर_कोर्ट_रोड | १२ जून, दुपारी ४:००

एक गोष्ट नोंदवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. लिफ्ट, मोठे टायर, रीमॅप, तिन्हींबद्दल अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते. ब्लॉक काढताय ते या बाजूनेही बरंच आहे.

कणकुंबीकर | १६ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. शनिवारी गाडी बेळगावात उद्यमबागेत, लेथवाल्यांकडे नेली.

पहिला टप्पा. यू-बोल्ट काढले तर डाव्या बाजूचे दोन्ही नट हातानेच फिरले. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) रबरी बुश चिखलपाण्याने फुगून फाटलेले. नवीन बुश, नवीन यू-बोल्ट, टॉर्क पान्याने आवळले. रविवारी चढ : अकराचे नऊ अंश. उड्या आहेतच, पण उशिरा सुरू होतात.

दुसरा टप्पा. ब्लॉक काढले. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधलं सेंटर बोल्टचं भोक लांबट झालेलं, लिंबाच्या आकाराचं. पाटे सोडवून जमिनीवर मांडले, वायर ब्रशने घासले, आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्यावर भोकापासून चार बोटं पुढे एक रेघ दिसली. वाटलं, ओरखडा असेल. रॉकेलचं बोट फिरवलं, पुसलं, वरून खडू घासला. पाच मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटली. तडा. आरपार नव्हता, पण अर्ध्याच्या पुढे होता. पीळ जिथे सगळ्यात जास्त बसतो, बैठकीच्या लगेच पुढे, नेमका तिथेच.

दोन्ही बाजूंचे दुसरे पाटे बदलले, एकच बदलला तर गाडी कलते म्हणून. लिफ्ट आता नाही. चढ : सहा अंश. तिसऱ्या पायरीवर उडी नाही, पाचव्या पायरीवर दोन-तीन. ती सगळ्यात उंच आहे.

निपाणीचे_काका | १७ जून, सकाळी ६:४५

तडा सापडला हे देवानं वाचवलं. आता एक अर्धा पाटा पुढच्या बाजूला टाक, बैठकीपासून पुढच्या डोळ्याच्या (पाट्याच्या टोकाच्या गोल भोकाच्या) जरा अलीकडपर्यंत. आणि पाटं बांधणारी पुढच्या बाजूची क्लिप घट्ट, मागची सैल. पुढचा भाग ताठ झाला की नाक उचलायचं कमी हुतंय, मागचा भाग मोकळा ऱ्हायला की गाडी मऊ ऱ्हाती. सगळाच पाटा वाढवू नगंस, वडिलांची कंबर मोडंल.

टिळकवाडी_ते_पुणे | १७ जून, सकाळी ९:१५

काकांची युक्ती शास्त्राला धरून आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्रायस्लरने शर्यतीच्या गाड्यांच्या पाट्यांत हेच केलं होतं. पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि लवचीक. पण खडकावर चाक खाली लोंबायला पाट्याची मोकळीक लागते आणि अर्ध्या पाट्याने ती थोडी जाते. कणकुंबीकरांचा चढ पायऱ्यांचा आहे, म्हणून माझं मत बारकडे झुकतं.

चंदगडकर | १७ जून, दुपारी २:२०

बार करणार असाल तर माझी चूक करू नका. माझ्या जुन्या जीपला मी दोन्ही बाजूंना सरळ पाइप लावले, पुढचं टोक चासीला पक्कं बोल्ट केलं. सपाटीवर झकास. पहिल्याच नाल्यात चाक खाली गेलं आणि चासीवरचा कान वेल्डिंगसकट उपटून आला.

कारण नंतर कळलं. पाटा सपाट होतो तेव्हा तो लांबतो आणि धुरा मागे सरकतो, चाक खाली लोंबलं की उलट पुढे येतो. पाइपला पुढे-मागे सरकायला जागाच नव्हती. त्या दिवशी नाल्यातून गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

उद्यमबाग_लेथ | १७ जून, रात्री १०:००

म्हणूनच पुढच्या टोकाला शॅकल द्यायची. उभी, झोपाळ्यासारखी. धुरा पुढे-मागे जाऊ शकतो, वर-खाली जाऊ शकतो, फक्त हाउसिंग फिरू शकत नाही, कारण बारचं पुढचं टोक वर जायला बघतं आणि शॅकल त्याला वर जाऊ देत नाही.

मी असा करीन : एकच बार, पंपकिनच्या (धुऱ्याच्या मधल्या फुगीर भागाच्या) बाजूला. पन्नास मिलिमीटरचा सीमलेस पाइप, सहाची भिंत. लांबी ११०० मिलिमीटर. मागे हाउसिंगच्या नळीवर दोन कान, एक वर एक खाली, चार इंच अंतराने, म्हणजे खाली दगडाला लागणार नाही.

टिळकवाडी_ते_पुणे | १७ जून, रात्री १०:३५

चार इंच कमी पडतील. ब्लॉक गेल्यावर पीळ सुमारे ५,४०० न्यूटन-मीटर. पाटे त्यातला काही भाग घेतील, पण हिशोब पूर्ण पिळाचाच धरावा. पुढच्या टोकाला ११०० मिलिमीटरवर तो सुमारे ५०० किलोचा जोर होतो, ते ठीक. पण मागे चार इंचांवर, म्हणजे दहा सेंटिमीटरवर, एकेका बोल्टवर साडेपाच टन! आठ इंच केलेत तर पावणेतीन टन. वरचा कान उंच घ्या, वर जागा आहे. खालचा नळीला चिकटूनच राहू दे.

उद्यमबाग_लेथ | १७ जून, रात्री १०:५०

पटलं. आठ इंच. बोल्ट १६ मिलिमीटर, १०.९ ग्रेड, दोन्ही बाजूंनी पट्टी. चासीवरच्या कानामागे आठ मिलिमीटरची प्लेट, कडेला गोलाई देऊन.

वेल्डिंगचं मी जातीने बघणार. बॅटरी सोडवायची, अर्थ वेल्डिंगच्या जागेजवळच लावायचा. हाउसिंगच्या नळीवर एका दमात फिरवायचं नाही. इंचभर मारायचं, समोरच्या बाजूला जायचं, थंड होऊ द्यायचं, नाहीतर नळी वाकते आणि शाफ्ट खातो. मधल्या बिडाच्या भागाला हात लावायचा नाही. आणि पाट्यांवर ओली गोणपाटं टाकायची. वेल्डिंगचा एक थेंब पाट्यावर पडला की तिथून पुढे तडा जाऊ शकतो. हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

शहापूरची_लेक | १८ जून, सकाळी ७:५०

पुढची शॅकल गाडी पूर्ण लोंबकळती असताना आणि पूर्ण दबलेली असताना, दोन्ही वेळा हाताने हलवून बघा. कुठेही ताठ झाली तर बार पुन्हा मोजा. जॅकवर एक चाक उचलून, एक सोडूनही बघा. खडकावर गाडी तशीच उभी असते.

कणकुंबीकर | २९ जून, रात्री ९:४५

उशीर झाला, मध्ये नऊ दिवस पाऊस थांबला नाही.

बार बसला. दोन दिवस मीही लेथवर बसून होतो. शॅकलचे बुश त्यांनी रबराऐवजी नायलॉनचे टर्न केले, मधोमध ग्रीसची खाच ठेवून. वेल्डिंग चालू असताना पाट्यांवरची गोणपाटं दर दहा मिनिटांनी भिजवायचं काम माझ्याकडे होतं. नळी वाकली का ते पाहायला आधी-नंतर दोन्ही चाकांच्या पुढचं-मागचं अंतर दोरीने मोजलं. जसंच्या तसं. एका चाकाला जॅक लावून, सगळ्या अवस्थांत शॅकल एका बोटाने हलत होती.

काल पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडलं. जांभा दुपारपर्यंत कोरडा झाला. आठ पोती चढवली, हवा २०, लो रेंज, डिफ-लॉक. आधी दुसऱ्या गियरला, मग मुद्दाम पहिल्याला. पाचव्या पायरीवर मागची चाकं घसरली, फिरली, दगडावर काळा पट्टा उमटला, पण उडी नाही. खडूची रेघ दोन अंशांच्या आत. पुन्हा मागे घेऊन तीन वेळा केलं. तीनदाही नाही. वडील शेजारी होते, दोन्ही हात मांडीवर.

रीमॅपही काढून टाकला. टायर मूळ साइजचेच घेणार आहे, हे झिजले की.

काका, तुमच्या सांगण्यावरून पुढच्या क्लिपा घट्ट केल्या आहेत, मागच्या सैल ठेवल्यात. बाकी अर्धा पाटा लागला नाही.

निपाणीचे_काका | ३० जून, सकाळी ६:३०

लई बेस झालं बाळा. दर महिन्याला क्लिपा बघत जा.

चंदगडकर | ३० जून, सकाळी ११:००

शॅकल किती लांब ठेवली? मी जीपला परत करायचं म्हणतोय.

कणकुंबीकर | ३० जून, दुपारी १:२५

डोळ्यापासून डोळ्यापर्यंत चार इंच. पण तुमच्या जीपचा पाटा किती लांबतो ते आधी मोजा. चाक पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना धुरा किती सरकतो, तेवढं पुढे-मागे शॅकलला झुलता आलं पाहिजे.

उद्यमबाग_लेथ | ३० जून, दुपारी १:४०

मोजमाप घेऊन गाडीसकट या. आणि कणकुंबीकर, दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट आवळायला तुम्हीही या. नवीन यू-बोल्ट पहिल्यांदा बसतोच, तेव्हाच ढिला पडतो.